डाँकी, ईझल आणि घोडी : स्टुडिओतल्या गाढवाचे मराठीत काय करावे?

टिळकवाडीकर : युरोपातील जुन्या कलाशाळांविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे मी सध्या मराठी भाषांतर करीत आहे. त्यात वर्गाचे वर्णन असे आहे की, पुढच्या रांगेतील विद्यार्थी ‘डाँकी’वर बसत आणि त्यांच्या मागचे विद्यार्थी ईझलसमोर, म्हणजे चित्राचा बोर्ड टेकवण्याच्या उभ्या तिकाटण्यासमोर, उभे राहत. मी ‘डाँकी’ हा शब्द तसाच ठेवला होता. मुद्रितशोधकांनी तो खोडून ‘गाढवांवर बसत’ असे केले आणि समासात ‘ही प्रथा कोणत्या देशातील?’ अशी शंकाही लिहिली. शंकेवर मी पुष्कळ हसले. परंतु नंतर लक्षात आले की, या आसनाला मराठीत काय म्हणावे हे मलाही ठाऊक नाही. कोणी सांगू शकेल काय?

खानापूरकर : ताई, आपला मूळ शब्दच बरोबर आहे. रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार ज्यांच्या हाताखाली तयार झाले, त्या बेळगावच्या चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णींच्या शिष्यपरंपरेतील एका शिक्षकांकडे मी चित्रकला शिकलो आणि पुढे तीस वर्षे ड्रॉइंग शिकवले. या सर्व काळात आम्ही ‘डाँकी’ याखेरीज दुसरा शब्द वापरला नाही. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : दीडेक फूट उंचीचा अरुंद, लांबट बाक असतो, त्याच्या एका टोकाला उभी चौकट असते आणि चौकटीच्या तळाशी बोर्ड टेकवण्यासाठी पट्टी असते. विद्यार्थी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि अर्ध्या इम्पिरिअल कागदाचा, म्हणजे पंधरा गुणिले बावीस इंचांचा, बोर्ड समोर टेकवतो. स्वार बसतो तसे बसायचे म्हणून ती डाँकी. पुढच्यांनी खाली बसावे, म्हणजे मागच्या ईझलवाल्यांना मॉडेल दिसावे, हा तिचा खरा उपयोग.

निपाणीकर : सरांविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो की, तीस वर्षे एखादा शब्द वापरला म्हणून तो मराठी ठरतो काय? आपण सीमाभागातील माणसे पाट्यांवरील मराठीसाठी १९५६ पासून भांडत आलो आणि आपल्याच वर्गातील बाकाला मात्र इंग्रजी गाढव म्हणतो, यात काही विसंगती आहे असे मला वाटते. ईझलला ‘चित्राधार’ आणि डाँकीला ‘आसनाधार’ असे शब्द सहज करता येतील.

खानापूरकर : ‘आसनाधार’ म्हणजे आसनाला आधार देणारे की आसन असलेला आधार, हे आधी ठरवावे लागेल. मुले मात्र वर्गात शिरताच ‘माझी डाँकी कोणी घेतली?’ असेच ओरडतील. येथे ‘माझी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. गाढव मराठीत नपुंसकलिंगी आहे, पण डाँकी स्त्रीलिंगी झाली. तिचे अनेकवचन ‘डाँक्या’ झाले आणि ‘डाँक्या भिंतीकडे सरकवा’ हे वाक्य मी रोज उच्चारत असे. पोर्तुगीजांची ‘चावी’ आपण घेतली आणि तिच्या चाव्या केल्या, तसेच हे झाले. ज्या शब्दाला लिंग आणि सामान्यरूप मिळाले, त्याला परका म्हणणे मला जमत नाही.

चिकोडीकर : लिंगाचा विषय निघालाच आहे म्हणून एक प्रसंग सांगतो. आमच्या वर्गात मराठी आणि कन्नड मुले एकत्र होती. कन्नडमध्ये गाढवाला ‘कत्ते’ म्हणतात, परंतु आपल्या उत्तर कर्नाटकाच्या बोलीत शेवटच्या ‘ए’चा ‘ई’ होतो आणि ‘कत्ते’ची ‘कत्ती’ होते. एका मुलाने विनोदाने डाँकीचे ‘कत्ती’ केले आणि तेच रूढ झाले. परीक्षेच्या दिवशी त्याने सरांना सांगितले, ‘सर, यरडु कत्ती कडिमी अदाव’, म्हणजे दोन डाँक्या कमी आहेत. नवीन आलेले सर कोल्हापूरकडचे होते. कत्ती म्हणजे नारळ सोलायचे हत्यार एवढेच त्यांना माहीत होते, त्यामुळे परीक्षेच्या खोलीत कत्त्या कशाला हव्यात, म्हणून ते घाबरले. तात्पर्य, गाढवाचे भाषांतर आमच्याकडे एकदा होऊन गेले आहे आणि ते फारसे सुखाचे ठरले नाही.

शहापूरकर : या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे असे मला वाटते. ज्याला निपाणीकर ‘चित्राधार’ म्हणू इच्छितात, तो ईझलसुद्धा गाढवच आहे! हा शब्द इंग्रजीत डचमधून आला. डचमध्ये ‘एझल’ म्हणजे गाढव आणि चित्रकाराचे तिकाटणे म्हणजे ‘स्खिल्डर्सएझल’, चित्रकाराचे गाढव. ओझे वाहणारे म्हणून ते नाव. हा शब्द घेताना इंग्रजांना त्यात गाढव ऐकू आले नसावे, कारण ते गाढवाला ‘ॲस’ म्हणत. ‘डाँकी’ हा शब्द त्यांच्या लेखनात अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. पुढे बसण्याच्या बाकालाही त्यांनी डाँकी म्हटले. अशा रीतीने एकाच खोलीत दोन गाढवे उभी आहेत, एक डच आणि एक इंग्रजी, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

टिळकवाडीकर : हे मला अगदीच नवीन आहे. मग ईझलसुद्धा बदलावा लागणार की काय?

शहापूरकर : बदलण्याची गरज नाही, पण आपल्याकडे पर्याय होता, एवढेच मला दाखवायचे आहे. फ्रेंच लोक ईझलला ‘शव्हाले’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ लहान घोडा. इटालियन ‘काव्हाल्लेत्तो’ आणि स्पॅनिश ‘काबायेते’ हेही घोड्यावरूनच आले. त्याच फ्रेंच ‘शव्हाले’चा दुसरा अर्थ म्हणजे व्हायोलिनच्या तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा. आता मिरजेला जाऊन तंबोरा करणाऱ्या कारागिराला विचारा, तारा कशावर टेकतात? तो ‘घोडीवर’ म्हणेल. आमच्या घरात सुतारकाम होते. फळी रंधण्यासाठी जिच्यावर ठेवत तीही घोडी, आणि रंगारी ज्यावर चढतो तो घोडा. काहीतरी पाठीवर घेऊन उभे राहणारे लाकूड म्हणजे घोडी, ही कल्पना फ्रेंचांकडून उसनी न घेताही मराठीत आहे. माझे वडील शाळेसाठी ईझल करून देत, त्या हिशेबाच्या वहीत ‘चित्राची घोडी, नग ४’ असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे.

निपाणीकर : हे मला मान्य आहे. ‘घोडी’ असेल तर ‘चित्राधार’ मी मागे घेतो. मात्र एक शंका उरते. ईझल घोडी झाला, तर जिच्यावर खरोखर स्वार होऊन बसायचे ती डाँकी काय होणार? तिलाच घोडी म्हणणे अधिक योग्य ठरेल.

खानापूरकर : येथेच अडचण आहे. भाषांतरकाराने वस्तू ओळखीची करायची की रूपक टिकवायचे? ‘पुढचे विद्यार्थी घोड्यांवर बसत’ असे छापले, तर मुद्रितशोधक पुन्हा समासात येतील. शिवाय वस्तू ठेवण्याच्या साधनांसाठी आपल्याकडे शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता : पाण्याच्या हंड्यांना घडवंची, ताटाला अडणी, पोथीला व्यासपीठ. परंतु बसणे आणि टेकवणे ही दोन्ही कामे एकत्र करणारी वस्तू आपल्या घरात नव्हती. जी वस्तू नव्हती तिचे नाव वस्तूबरोबर येणार, यात कमीपणा कसला?

निपाणीकर : कमीपणा नाही, आळस आहे.

चिकोडीकर : मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झाले. त्या परंपरेच्या मुलांना डाँकीसाठी दुसरा शब्द सुचला नाही, तर तो दोष आपल्या बेळगावच्या माथी का मारावा?

टिळकवाडीकर : सर्वांचे आभार. लेखात मी ‘डाँकी नावाचे बैठे बाक’ असे एकदा लिहून पुढे नुसते ‘डाँकी’ ठेवले आहे. ईझलही तसाच राहील, ‘घोडी’ मात्र मनात घोळत आहे. पण मुद्रिते पुन्हा पाहताना आणखी एक गोष्ट आढळली. ज्या उंच लाकडी फळीवर मॉडेलला बसवतात, तिला इंग्रजीत ‘थ्रोन’ म्हणतात. मी घाईत ‘सिंहासन’ लिहून गेले होते आणि मुद्रितशोधकांनी त्यावर काहीही शंका घेतलेली नाही.

खानापूरकर : आम्ही त्याला ‘चौथरा’ म्हणत असू.

शहापूरकर : आणि आमच्या वहीत तो ‘चौरंग मोठा’ असा आहे.