शब्द हवा: 'सायकोपॅथ'ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ (दाभोळ): मेंदूविज्ञानावरचा लेख मराठीत करतेय, 'सायकोपॅथ'पाशी अडलेय, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचं किंवा स्वतःच्या चुकीचं काहीच न वाटणारा माणूस. 2010 साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात या लोकांनी नैतिक पेचांवर दिलेले निवाडे निरोगी माणसांसारखेच निघाले. म्हणजे बरंवाईट त्यांना समजतं. पण 2009च्या एका अमेरिकी अभ्यासात असे पेच सोडवताना, ज्यांच्यात ही लक्षणं जास्त, त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला (भावनांशी निगडित भाग) कमी चेतलेला दिसला. मी 'निर्ढावलेला' लिहिलं, संपादकांनी 'मनोविकृत' केलं. मला पटत नाही.

सुरंगी (वेंगुर्ला): ताई, आमचा 'कोडगो' घ्या. वाडीतल्या एकाने सख्ख्या भावाच्या तेराव्याला, पानावर बसल्या बसल्या, वहिनीलाच विचारलं, "होडी केवढ्याक देतलंस?" आवाज अगदी गोड. वडाही मागून घेतला. आजी एवढंच म्हणाली, "तेका कायच वाटणा नाय."

देवगडी: एका प्रसंगावरून कुणाला सायकोपॅथ ठरवू नये. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या तपासणीत 20 मुद्दे असतात, 40 पैकी गुण, तेही प्रशिक्षित माणसाने द्यायचे. शिवाय शब्दही चुकतोय. बोलणी आणि मार खाऊन खाऊन लाज मरते तो कोडगा. निर्ढावणंही सरावाने येतं. इथे खुणा बरेचदा लहानपणापासून दिसतात. जे मुळात नव्हतंच, ते मेलं कसं म्हणायचं?

खाडीकाठ: हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! मग 'कळतं पण वळत नाही'तून काही निघेल?

देवगडी: नाही. ते आपण मधुमेह असून हापूस खाणाऱ्याला म्हणतो. त्याला निदान रुखरुख असते.

तांबडी माती (राजापूर): 'काळीजशून्य' का नको? काळीज मुळात यकृत, संस्कृत 'कालेय'. तरी माया, धीर, सगळं आपण तिथेच ठेवलंय.

पंतोजी (रत्नागिरी): मेंदूच्या लेखात काळीज शोभत नाही. आणि अमिग्डाला तरी तसाच का? मूळ ग्रीक शब्द बदामाचाच. 'बदामगाठ' करा.

सुरंगी: काका, गाठ म्हटलं की लोक कॅन्सरच समजतात. आईला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेय, म्हणून सांगते. रुळलेला शब्द राहू द्या.

पंतोजी: रुळलेला म्हणत म्हणत मराठीत उरणार काय? 'बदामकेंद्र' तरी घ्या.

तांबडी माती: ते असो. 'कोडगा' हा 'कोड पुरवणे'मधल्या 'कोड'वरून आला असणार. लाडावलेला, म्हणून निर्लज्ज.

देवगडी: मार खाल्लेल्याला लाडावलेला कसं म्हणता? मला हे मान्य नाही.

खाडीकाठ: लेख सोमवारी द्यायचाय. 'मनोविकृत' तेवढं काढून टाकतेय.