गाडीत टाळ वाजतायत, गाणारा कुठे गेला?

गुरुवार

गोखले काका, बी-३०२ (स. ७:०४): सुप्रभात. एक गंभीर बाब मांडतो आहे, कृपया कोणी वैयक्तिक घेऊ नये. मंगळवारपासून माझ्या गाडीच्या स्टिरिओला कोणीतरी हात लावलेला आहे. आयपॉड लावला की टाळ, मृदंग, पेटी सगळं ऐकू येतं पण गाणाऱ्याचा आवाज नाही, अगदी कान लावला तर लांब विहिरीतून आल्यासारखा. सोमवारी भाजी आणायला गेलो तेव्हा उत्तम चालू होतं. गाडीची किल्ली आमच्याशिवाय एकाच माणसाकडे असते, पुसायला, नाव घेत नाही. शनिवारी पहाटे आम्ही कोल्हापूरला निघतोय, अंबाबाईला, येऊन जाऊन साडेचारशे किलोमीटर, हिला गाडीत अभंग लागतात. कोणाला काही माहिती असल्यास सांगावे.

शिंदे, ए-१०१ (७:०९): काका चार्जर काढून बघा. गाडीच्या सॉकेटला चार्जर लावला की आवाजात घाण येते. आधी चार्जर काढा.

देशमुख मॅडम, ए-४०१ (७:१५): नाव घेत नाही म्हणून घेतल्यासारखंच आहे की काका. तो मुलगा चार वर्षं सतरा गाड्या पुसतोय, कधी कुणाचं नाणंसुद्धा हललेलं नाही.

गोखले काका, बी-३०२ (७:१८): मी चोरी म्हटलेलं नाही. हात लावला म्हटलं.

पवार, सी-२०३ (७:२१): काका एक विचारू का, राग मानू नका, आज सकाळी सव्वासहाला पार्किंगमध्ये टाळ वाजत होते ते तुमचेच का? माझी नाईट शिफ्ट होती. गणपतीत आम्ही दहा वाजून पाच मिनिटांनी स्पीकर बंद केला तर तुम्ही याच ग्रुपवर नियम टाकला होता, रात्री १० ते सकाळी ६.

गोखले काका, बी-३०२ (७:२४): सव्वासहा म्हणजे सहाच्या नंतरच.

सेक्रेटरी मोरे (७:३०): कृपया गणपतीचा विषय नको. तो मीटिंगमध्ये मिटलेला आहे.

पवार, सी-२०३ (७:३१): मिटला नव्हता, मिटवला होता.

जाधव, ए-२०२ (७:४०): काका कशाला त्या वायरच्या भानगडीत पडता, एफएम ट्रान्समीटर घ्या, गाणी गाडीच्या रेडिओवर पाठवतो, सॉकेटमध्ये खोचा, रेडिओवर आकडा लावा, संपला विषय. मी तीन वर्षं वापरतोय.

गोखले काका, बी-३०२ (७:४८): जाधव, तो मी वापरून झालेला आहे. पुण्यात ९१.१ ला कोणी बसलंय, ९४.३ ला कोणी, १०१ ला आपली विविध भारती, १०७.४ ला विद्यापीठाचं विद्यावाणी, मोकळा आकडा शोधायचा कुठे? एखादा सापडला तरी सिग्नलला शेजारच्या गाडीतही तोच ट्रान्समीटर असला की आमच्या अभंगात त्याची गाणी घुसतात. आणि हायवेला गाव बदललं की पुन्हा आकडा शोधा, गाडी चालवायची की काटा फिरवायचा.

शिंदे, ए-१०१ (७:५२): चार्जर काढून बघा. गाडीच्या सॉकेटला चार्जर लावला की आवाजात घाण येते.

पवार, सी-२०३ (८:०२): काका आयपॉड बनवणंच बंद झालं २०२२ ला. फोन ब्लूटूथला जोडा की. माझ्या गाडीत बसलो की आपोआप लागतं.

गोखले काका, बी-३०२ (८:१५): पवार, माझ्या स्टिरिओला ब्लूटूथ नाही, मागच्या दिवाळीत कॅसेटचा काढून हा घेतला तेव्हा ऑक्सची, म्हणजे बाहेरून वायर खोचायची, भोकवाली साधी जागा आहे एवढंच बघितलं. आणि फोनवर जे मिळतं ते माझ्याकडचं नाही. माझ्या ३१४ कॅसेट होत्या, आकाशवाणीवरून धरलेली नाट्यगीतं, आमच्या गावच्या सप्ताहातली भजनं, वडिलांचा आवाज आहे एका कॅसेटवर. दोन हिवाळे बसून एकेक कॅसेट पूर्ण वाजवून ते सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, मग या १६० जीबीच्या आयपॉडवर. हे कुठल्या ॲपवर मिळणार आहे? म्हणून एवढा जीव तुटतो.

गोखले काकू (८:१७): ते जेवायला उठत नव्हते तेव्हा. ताट झाकून ठेवायचे.

कुलकर्णी, सी-३०१, न्यू जर्सी (८:२५): काका आमच्याकडे रात्र आहे पण हे वाचून राहवलं नाही. तुमच्याकडे आधी ती वायरवाली कॅसेट होती ना, कॅसेटसारखी दिसणारी, स्टिरिओत सरकवायची आणि वायर आयपॉडला. इथे माझ्या पहिल्या गाडीत तीच होती, छान चालते पण ऑटो रिव्हर्सचा डेक असला तर सारखी खटक खटक बाजू बदलते, आतली चाकं अडकली की डेकला वाटतं टेप संपली.

गोखले काका, बी-३०२ (८:२९): अगदी तेच व्हायचं! खटक खटक. पण एक सांगतो, त्या कॅसेटला कधी कुई नव्हती. ऑक्स केल्यापासून चार्जर लावला की बारीक कुई आहेच, ॲक्सिलरेटर दाबला की कुई चढते, सोडला की उतरते. आणि गेला महिनाभर तर शिट्टीच, बोलता येत नाही इतकी.

शिंदे, ए-१०१ (८:३०): तेच सांगतोय. चार्जर काढून बघा.

गोखले काका, बी-३०२ (८:३३): शिंदे, मंगळवारपासून चार्जर लागलेलाच नाही!! पुसताना त्याने काढून मागच्या सीटवर ठेवला होता. चार्जर नाही, कुई नाही, आणि गाणाराही नाही.

जाधव, ए-२०२ (८:३५): मग स्पीकर गेला असेल. स्पीकरवाल्याकडे न्या, नाही तर ट्रान्समीटर.

देशमुख मॅडम, ए-४०१ (८:४१): म्हणजे त्याने फक्त चार्जर काढला, सीट झाडायला. यात हात लावला कुठे आलं?

गोखले काका, बी-३०२ (८:४२): काढताना वायरला हिसका बसलाच असणार. दुसरं कारण काय?

मोरे (८:५०): सर्वांना विनंती, मेंटेनन्स २५ तारखेच्या आत भरावा. पाच जणांचा बाकी आहे.

पवार, सी-२०३ (८:५१): नाव घेत नाही 😀

स्नेहल, बी-१०२ (९:२०): काका मी लॅबला निघालेय म्हणून पटकन लिहिते. दोन गोष्टी करून बघाल का. एक, चार्जर परत लावा आणि तेच गाणं ऐका, गाणारा येतो का. दोन, चार्जर काढून जुन्यातलं एक नाट्यगीत लावा, आकाशवाणीवरून धरलेलं.

गोखले काका, बी-३०२ (९:५८): स्नेहल, हा काय प्रकार आहे? चार्जर लावला, गाणारा ठणठणीत आला! सोबत शिट्टी. चार्जर काढला, शिट्टी गेली, गाणारा गेला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. आणि जुनं नाट्यगीत चार्जरशिवाय तर पूर्ण मुकं, पेटीसुद्धा नाही, नुसती खरखर. मी घाबरलो, म्हटलं फाईलच उडाली, पण इयरफोनवर नीट आहे.

शिंदे, ए-१०१ (१०:०१): म्हणजे चार्जरचाच प्रॉब्लेम निघाला ना.

पवार, सी-२०३ (१०:०३): शिंदेसाहेब चार्जर काढला की बिघडतंय. उलटं आहे.

शिंदे, ए-१०१ (१०:०४): मी सुरुवातीपासून चार्जर म्हणतोय. वर जाऊन वाचा.

स्नेहल, बी-१०२ (दु. १:१०): काका स्पीकर ठीक आहे, स्टिरिओ ठीक आहे. तुमच्या ऑक्सच्या वायरमधली अर्थची तार तुटलीय. त्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात बघा, त्यांनी तीन भाग होतात, टोक डावा स्पीकर, मधला उजवा, आणि मुळाकडचा लांब भाग दोघांची सामायिक परतीची तार, म्हणजे अर्थ. ती परतीची वाट बंद झाली की डावा आवाज उजव्यातून आणि उजवा डाव्यातून परत जायला बघतो, आणि स्टिरिओला पोचते ती फक्त दोघांतली वजाबाकी. गाणारा रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवलेला असतो, दोन्हीकडे सारखाच, वजा केला की शून्य. मृदंग थोडा डावीकडे, पेटी उजवीकडे, ते उरतात. आणि तुमची जुनी नाट्यगीतं मोनो आहेत, दोन्ही बाजूला सगळं सारखंच, म्हणून सगळंच शून्य.

गोखले काका, बी-३०२ (१:२५): मग चार्जर लावला की कसा येतो?

स्नेहल, बी-१०२ (१:४०): चार्जरची मायनस बाजू गाडीच्या पत्र्याला आणि स्टिरिओची अर्थही पत्र्यालाच. म्हणजे आवाजाला परत जायला चार्जरमधून आडवाट मिळते, म्हणून गाणारा येतो. पण त्याच वाटेवर अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवतो त्याची, घाण असते, ती सोबत येते, म्हणून इंजिनच्या स्पीडबरोबर शिट्टी चढते. तुम्ही म्हणालात महिनाभर शिट्टी वाढलीय. तार तेव्हाच तुटली असणार काका. चार्जर कायम लागलेला होता म्हणून कळलं नाही, मंगळवारी तो निघाला आणि झाकण उघडलं इतकंच.

कुलकर्णी, सी-३०१, न्यू जर्सी (१:५२): वा स्नेहल. आणि काका, कॅसेटला कुई का नव्हती तेही यातच आलं. त्या कॅसेटच्या हेडपासून डेकच्या हेडपर्यंत आवाज चुंबकाने उडी मारतो, मधे तारेचा संबंधच नाही, घाण येणार कुठून.

देशमुख मॅडम, ए-४०१ (२:०५): महिन्याभरापूर्वी तुटली. मंगळवारी नाही. हे सगळ्यांनी नीट वाचावं ही विनंती.

जाधव, ए-२०२ (२:१०): एफएम ट्रान्समीटरला स्टिरिओपर्यंत वायरच नसते.

मोरे (२:१२): छान माहिती. आता हा विषय इथे थांबवूया का? टाकीच्या सफाईचं पत्रक टाकायचं आहे.

गोखले काका, बी-३०२ (२:१५): मोरे, टाकी कुठे पळत नाही. स्नेहल, पण वायर बाहेरून धड दिसते. तुटेल कशाने?

स्नेहल, बी-१०२ (सं. ७:३५): आत्ता आले. खाली येऊ का मल्टिमीटर घेऊन?

गोखले काका, बी-३०२ (७:३६): ये बाळ. ही पोहे करतेय.

पवार, सी-२०३ (८:२०): काय निघालं मग? मी पण आता जागाच आहे.

गोखले काका, बी-३०२ (रा. ८:४१): सांगतो. वायर दोन्हीकडून काढून मीटर लावला, तार आत सलग असली की तो बीप करतो. टोकाला टोक, बीप. मधल्याला मधला, बीप. मुळाला मूळ, काहीच नाही. मग स्नेहलने आयपॉडकडच्या पिनच्या मानेशी वायर जराशी वाकवली तर बीप, सोडली की बंद. तिने विचारलं आयपॉड ठेवता कुठे. मी डॅशबोर्डच्या खणात ठेवतो आणि झाकण लावून घेतो, कोणाला दिसू नये म्हणून. वायर झाकणाच्या फटीतून बाहेर येते. दिवाळीपासून रोज मी स्वतः ते झाकण त्या वायरवर दाबून लावतोय. बरोबर तिथेच दबल्याची खूण आहे.

देशमुख मॅडम, ए-४०१ (८:४४): बरं झालं कळलं.

गोखले काका, बी-३०२ (८:५२): सकाळी मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. नाव न घेता एका मुलावर ढकललं, तेही दीडशे लोकांसमोर. मी माफी मागतो.

देशमुख मॅडम, ए-४०१ (८:५५): काका मोठेपणा तुमचा. पण तो या ग्रुपवर नाही. आणि दुपारी दोन ठिकाणी त्याला गेटवर विचारणा झालीय, किल्ल्या परत मागितल्या एकाने. ते त्याला कोण सांगणार?

मोरे (८:५७): किल्ली मी मागितली होती. सेक्रेटरी म्हणून खबरदारी. उद्या देतो परत.

शुक्रवार

गोखले काका, बी-३०२ (स. ६:५०): पार्किंगमध्ये जाऊन आलो. तो पहिली गाडी पुसत होता. सगळं सांगितलं, माझी चूक सांगितली, वायर दाखवली. तो म्हणाला काका मी चार्जर काढला तेव्हा तुम्हाला सांगायलाच पाहिजे होतं. मला काय बोलावं कळेना. किल्ली त्याच्याकडेच राहील. मोरे, तुमच्याकडची त्याला आजच द्या, संध्याकाळी नको, सकाळीच.

मोरे (७:०२): दिली.

पवार, सी-२०३ (७:१०): काका मानलं तुम्हाला. नवी वायर ऑफिसवरून येताना मी आणू का? तीच तीन भागांची पिन, दोन्हीकडे.

गोखले काका, बी-३०२ (७:१२): आण बाबा. एका बाजूची पिन काटकोनात वळलेली मिळाली तर बघ, स्नेहल म्हणते मानेवर ताण कमी येतो.

स्नेहल, बी-१०२ (७:३०): आणि झाकण लावू नका काका, आयपॉड खालच्या उघड्या कप्प्यात ठेवा, गाडी लावून जाताना बरोबर घ्या. नव्या वायरनेही चार्जर लावल्यावर थोडी कुई राहील, दिवाळीपासून होती तेवढी. ती नको असेल तर प्रवासात चार्जर लावूच नका, रात्री घरी चार्ज करा. नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, आत दोन ट्रान्सफॉर्मर, आवाज चुंबकाने पलीकडे जातो, तुमच्या कॅसेटचीच युक्ती. स्वस्तातल्या डबीने ढोलकीचा खर्ज जरा कमी होतो. पण जुन्या तुटक्या वायरवर ती लावू नका, चार्जरची आडवाट पण बंद होईल आणि गाणारा परत जाईल.

शिंदे, ए-१०१ (७:३४): म्हणजे शेवटी चार्जर काढायचाच आहे.

स्नेहल, बी-१०२ (७:३५): हो काका, प्रवासात काढायचा.

शिंदे, ए-१०१ (७:३५): 🙏

शनिवार

गोखले काकू (स. ८:०५): खंबाटकी ओलांडला, चहाला थांबलोय. नवीन वायर छान लागली, चार्जर काढून ठेवलाय. सासरे गातात ती कॅसेटवरची भजनं लावली होती, अजिबात शिट्टी नाही, त्यांचं मधेच खोकणंसुद्धा ऐकू येतंय. हे गाडी चालवताना काही बोलत नाहीयेत.

पवार, सी-२०३ (८:०९): आवाज मोठा ठेवा काकू. इथे कोणी झोपलेलं नाही.

मोरे (८:२०): टाकी सफाई उद्या ९ ते १२. पाणी भरून ठेवावे.