मदत हवी आहे: पोर्ट्रेटमध्ये मागचं छान ब्लर कसं करावं?

नमस्कार मंडळी,
आजीचे चांगले पोर्ट्रेट काढून ठेवायचे आहेत. चेहरा, त्यावरची एकेक सुरकुती स्पष्ट आणि मागचं सगळं विरघळलेलं, असं हवंय. फोनचा पोर्ट्रेट मोड मला पटत नाही. कानामागून सुटलेले पांढरे केस तो भिंतीबरोबरच पुसून टाकतो, चष्म्याची काडीही अर्धवट खातो.

कॅमेरा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा, सोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स. ५५ वर अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. तरी आजीला भिंतीपासून चांगलं पुढे बसवलं आणि मी जवळ गेलो की फरक पडतो, बऱ्यापैकी पडतो. मागे झाडं असली की मात्र पानांची नुसती गिचमिड दिसते.

५० एमएम एफ/१.८ घ्यावी की ८५ एमएम एफ/१.८? ८५ ने ब्लर जास्त मिळेल, पण लहान सेन्सरच्या १.५ क्रॉपवर ती फुल फ्रेमवरच्या साधारण १२७ एमएमसारखी, म्हणजे जास्त झूम केल्यासारखी वागणार. खोलीत मागे सरकायला तेवढी जागा पुरते का?

दुसरं म्हणजे, चेहरा थोडा वळलेला असला की एफ/१.८ वर जवळचा डोळा शार्प आणि पलीकडचा सॉफ्ट येतो, हे मित्राच्या लेन्सवर पाहिलंय. अशा वेळी तुम्ही एफ/२.८ वर जाता की थेट ४ वर? आजीची मान जराशी हलत असते, तर शटर स्पीड निदान किती ठेवावा?

खिडकीच्या उजेडात काढलेले तुमचे फोटो सेटिंगसकट दाखवलेत तर फार मदत होईल.