शब्दचर्चा : अग्निपंख म्हणजे फिनिक्स का?

प्रश्न : एका लेखासाठी 'फिनिक्स'ला, म्हणजे कथेतल्या राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याला, मराठी शब्द हवाय. 'अग्निपंख' सुचवला गेलाय. चालेल का?

प्रतिसाद : नको. अग्निपंख म्हणजे रोहित, आपला फ्लेमिंगो. मोठा रोहित चिखलात उभा असतो तेव्हा पांढुरकाच दिसतो. पंख उघडले की आतला लालभडक पट्टा आणि काळी पिसं एकदम समोर येतात. ज्याने हे नाव ठेवलं, त्याने पक्षी उडताना पाहिला असणार.

प्रतिसाद : 'रोहित'चा अर्थही संस्कृतात लालच. गंमत म्हणजे पिल्लं राखाडी असतात. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांमधली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पोटात जातात, तसा रंग चढत जातो.

प्रतिसाद : सुचवणारा अगदीच चुकलेला नाही हं. फ्लेमिंगोचं शास्त्रीय नाव फिनिकॉप्टेरस, म्हणजे किरमिजी पंखांचा. ग्रीकमध्ये 'फिनिक्स' हा शब्द त्या रंगालाही वापरतात. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तमधला फिनिक्स वर्णिलाय तोही लाल-सोनेरी पिसांचा, गरुडाएवढा. दर 500 वर्षांनी तो बापाचं कलेवर हिराबोळाच्या (सुगंधी डिंकाच्या) गोळ्यात घालून सूर्यमंदिरात आणतो म्हणे. त्यात आग नाही, राखही नाही! जळून पुन्हा उठणं नंतरच्या कथांमधलं.

मूळ प्रश्नकर्ता : मग 'निखार' घेऊ का? तोही पक्षीच ना?

प्रतिसाद : पक्षीच, पण चिमणीहून फारसा मोठा नाही. शेंड्यावरच्या पानांत किडे टिपत फिरतो. नर लाल-नारिंगी, मादी मात्र पिवळी, म्हणजे नावाचा मान एकट्या नराला. लाल मुनियाचंही तेच, त्यातही नर विणीच्या हंगामातच लाल होतो. एरवी दोघं मातकट.

प्रतिसाद : नारिंगी पक्ष्यांत चक्रवाक बदक विसरू नका. संस्कृत काव्यात रात्र झाली की जोडीची ताटातूट होते आणि नदीच्या दोन तीरांवरून दोघं एकमेकांना साद घालत राहतात. पण ते विरहाचं प्रतीक, पुनर्जन्माचं नव्हे. इथे उपयोग नाही.

प्रतिसाद : माझं मत, 'फिनिक्स'च ठेवा. 'फिनिक्सभरारी' वर्तमानपत्रांत केव्हाच रुळलाय. अग्निपंख लिहिलंत, तर पक्षिप्रेमी वाचक तुमच्या लेखाच्या नायकाला चिखलात उभा करतील.