शब्दचर्चा: पुतळा, मूर्ती की प्रतिकृती? आणि डायनासोरकडे की डायनासोराकडे?

मी पाट्या रंगवतो. कागदावरची चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते, पाटीवरची चूक मात्र दहा-दहा वर्षं रस्त्यावर उभी राहते. म्हणून रंगाचा डबा उघडायच्या आधी विचारतोय.

आमच्या तिठ्याजवळच्या एका खाणावळीच्या आवारात डायनासोर उभा राहिला आहे. लांब मानेचा, पाला खाणाऱ्या जातीचा. शेजारच्या गणपतीच्या शाळेतल्या, म्हणजे गणपती घडवतात त्या कारखान्यातल्या, मूर्तिकाराने तो केला. आधी सळयांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणि वरून सिमेंट. पहिल्याच पावसाळ्यात पाठीवर शेवाळ धरलं आणि तो जास्तच खरा दिसायला लागला. शेपटीच्या टोकाचं सिमेंट मात्र खाऱ्या हवेने फुगून पडलंय. आतली गंजलेली सळई दिसते आणि मुलं नेमकी तिथेच बोट लावून बघतात.

मालकांना पाटी हवी आहे. 'डायनासोरचा पुतळा' लिहू, असं ते म्हणाले, पण माझा हात वळेना. पुतळा माणसाचा. चौकात उभारतात तो पुतळा आणि मोर्चात जाळतात तोही पुतळाच. 'मूर्ती' तर नकोच. आपण गणपतीच्या शाळेत पाट नेऊन ठेवतो तेव्हापासूनच मूर्तीचा मान सुरू होतो. मूर्तिकाराला विचारलं, तर तोही याला मूर्ती म्हणत नाही. 'शिल्प' वाईट नाही, पण आमच्या कानाला शिल्प म्हटलं की सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचं, कातळशिल्प आठवतं. उक्षीचा हत्ती, कशेळीचा हत्ती. ते जांभ्यात कोरलेलं, हे जाळीवर लिंपलेलं.

उरला 'प्रतिकृती'. छापील पत्रकांत हाच शब्द दिसतो आणि माझा खरा आक्षेप याच शब्दाला आहे. प्रतिकृती करायची तर समोर मूळ कृती हवी. रायगडाची प्रतिकृती होते, कारण रायगड जागेवर आहे. डायनासोर कुणी पाहिला? लंडनजवळ सिडनहॅमला 1854 साली बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने डायनासोर उभे केले. त्यातल्या इग्वानोडॉन या जातीच्या नाकावर त्याने शिंग बसवलं. पुढे 1878 साली बेल्जियमच्या बर्निसार गावच्या खाणीत पूर्ण सांगाडे सापडले आणि कळलं, की ते शिंग नव्हतंच, हाताच्या अंगठ्याचा टोकदार काटा होता. सिडनहॅमचे ते इग्वानोडॉन आजही नाकावर शिंग घेऊन उभे आहेत. त्यांना प्रतिकृती कसं म्हणायचं? हाडांवरून बांधलेला तो अंदाज आहे, आणि तोही फार सुंदर अंदाज.

तर काय लिहावं? आणि 'डायनासोरकडे' की 'डायनासोराकडे'?

देवगडहून उत्तर

पेंटरदादा, आमच्याकडे हा प्रश्न रिक्षात सुटला. आमच्या रस्त्यालाही असाच एक आहे, फायबरचा. लोक रिक्षावाल्याला सांगतात, 'माका डायनासोराकडे उतरय.' पुतळा नाही, मूर्ती नाही, काहीच नाही. वडाकडे, शाळेकडे, तसं डायनासोराकडे. आणि 'डायनासोरकडे' म्हणताना मी अजून एकालाही ऐकलेलं नाही. आमची आजी मात्र त्याला 'जनावर' म्हणायची नाही. आमच्याकडे जनावर म्हणजे साप, तिन्हीसांजेला सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून. ती म्हणायची, 'तो मोठो सरडो.'

दापोलीहून उत्तर

देवगडच्या ताईंच्या आजींचं बरोबर आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1842 साली डायनासोर हे नाव घडवलं ते ग्रीक शब्दांतून. सॉरॉस म्हणजे सरडा आणि डाइनॉस म्हणजे भयंकर. संस्कृत 'सरट' हाच आपला सरडा, म्हणून मराठीत 'भीमसरट' असा शब्द केला गेला. तो मला मनापासून आवडतो. ओवेन यांना नुसतं भयंकर म्हणायचं नव्हतं, धडकी भरेल इतकं प्रचंड म्हणायचं होतं. संस्कृतात भीम म्हणजे भयंकर आणि आपल्याला भीम म्हटलं की अफाट शरीर दिसतं. दोन्ही अर्थ एका शब्दात बसले. डायनासोर हे सरडे नव्हेत, पण तो दोष मूळ नावातच आहे.

मात्र चौतीस वर्षं वर्गात उभा राहून सांगतो, मुलाच्या तोंडून 'भीमसरट' मी एकदाही ऐकला नाही. त्याचं दुःख आहे. आपल्या भाषेतून नाव देता येतं, हे बंगालीने दाखवलं आहे. गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका प्रचंड प्राण्याचं नाव 1975 साली 'बारापासॉरस टागोरेई' ठेवलं गेलं. त्यातलं 'बारा पा' म्हणजे मोठा पाय, आणि टागोरेई रवींद्रनाथांवरून.

आता सामान्यरूपाबद्दल, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं होतं त्या रूपाबद्दल. मोर-मोराला, चोर-चोराला, म्हणून डायनासोराला. डॉक्टरला, ड्रायव्हरला असं आपण म्हणतो हे खरं, पण टेबल इंग्रजीतून आलं तरी 'टेबलावर' झालंच. 'पगार' पोर्तुगिजांकडून आला आणि 'पगाराला' झाला. परक्या शब्दाला 'आ' लागला की तो घरचा झाला, असं मी धरतो. शहरात अजून 'डायनासोरला' चालतं, कोकणाने त्याला आधीच घरात घेतलं आहे.

पुन्हा मी

गुरुजी, ताई, दोघांचे आभार. ताईंचं रिक्षाचं उदाहरण वाचल्यावर आणखी एक गोष्ट आठवली. कॅलिफोर्नियात कॅबझॉनला क्लॉड बेल नावाच्या माणसाने आपल्या खाणावळीकडे गिऱ्हाईक वळावं म्हणून 1964 पासून दीडशे फूट लांबीचा डायनासोर बांधायला घेतला. त्याचं नाव 'डिनी'. कॅनडात ड्रमहेलरला 86 फूट उंचीचा आहे, 106 पायऱ्या चढून त्याच्या जबड्यात उभं राहता येतं. त्याचं अधिकृत नावच 'जगातला सर्वांत मोठा डायनासोर'. पुतळा हा शब्द तिथेही कुणी जोडलेला नाही.

आपल्या कोकणात खऱ्या डायनासोराचं हाड मिळायचं नाही. आपला जांभा काळ्या दगडाचा, म्हणजे लाव्हाचा, झिजून झालेला. डायनासोर गेल्यावर कितीतरी काळाने. हाडं हवीत तर चंद्रपूरकडे डोंगरगाव, पिसदुऱ्याला जायला हवं. म्हणजे आमच्या मुलांना जन्मात दिसेल तो डायनासोर हाच, सळई आणि सिमेंटचा. मग त्याच्याच नावापुढे 'चा पुतळा' लावून त्याला खोटा कशाला ठरवू?

काल पाटी आखली. वर एकच शब्द, 'डायनासोर', हातभर उंचीच्या अक्षरात. त्याखाली गुरुजींचा 'भीमसरट', बारीक पण स्वच्छ. आणि आवाराच्या फाटकावर: 'डायनासोराच्या शेपटीला हात लावू नये.' शेपटीची डागडुजी मूर्तिकार गणपतीचं काम उरकल्यावर करणार आहे, तोवर ही ओळ लागेल.