जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचा मागचा कोपरा कुजलाय: आतून उघडू की बाहेरून?

चाकांवरचं_घर
१९७० च्या दशकातला ट्रेलर आहे, गाडीमागे जोडून न्यायचं छोटं घर. चौकट लाकडी, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. मागच्या डाव्या कोपऱ्यात पलंगाखालचं प्लायवुड अंगठ्याने दाबलं तरी दबतं, आणि आतल्या पॅनेलवर हातभर उंचीपर्यंत काळा डाग चढलाय. वर खिडकी, तिच्याही वर मार्कर दिवा (ट्रेलरची कड दाखवणारा बाहेरचा छोटा दिवा). आधीच्या मालकाने कोपऱ्याच्या मोल्डिंगवर (पत्र्याचा सांधा झाकणाऱ्या पट्टीवर) सिलिकॉनचा जाड थर फासलाय. पॅनेल काढून आतलं लाकूड बदलावं म्हणतोय, पण पॅनेल मूळचं आहे, वाचलं तर हवंय.

रंधा
मग पॅनेलला हात लावू नका. हे ट्रेलर आतून बाहेर असे बांधलेले असतात: आधी पॅनेल, त्यावर गोंद आणि स्टेपलने चौकट, मग वायरिंग आणि इन्सुलेशन, शेवटी पत्रा. कपाटं आणि पलंग पॅनेलला टेकून बसवलेले, त्यामुळे ते अखंड निघणं मुश्कीलच. पत्रा मात्र निघतो.

ट्रेलर लेव्हलला आणा आणि चासीखाली जॅक स्टँड लावा. कोपऱ्यांना असतात ते स्टॅबिलायझर डोलू नये म्हणून असतात, वजन पेलायला नाहीत. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. पत्रा निघाला की भिंत लुळी पडते, आणि कर्णांत फरक पडला तर पुढे दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू उघडा.

मोल्डिंगमधली व्हायनिल पट्टी ओढली की खालचे स्क्रू दिसतील. गंजलेल्या स्क्रूचं डोकं तुटलं तर पत्रा निघाल्यावर उरलेला दांडा पकडीने फिरवून काढा. पटाशी घालून मोल्डिंग उचकटायला गेलात तर ते वाकतं, आणि वाकलेलं मोल्डिंग पुन्हा सपाट बसत नाही.

कुजलेली पट्टी टोचा घालून तपासा. टोचा सहज रुतणं बंद झालं तिथून आणखी १५ सेंमी पुढे कापा. नवी पट्टी जुन्याच मापाची घ्या, या ट्रेलरांत बहुधा १९ × ३८ मिमी असते. ती निम्म्या जाडीच्या सांध्याने (दोन्ही टोकं अर्ध्या जाडीची कापून एकमेकांवर बसवून) जोडा: सांध्याची लांबी किमान १० सेंमी, वॉटरप्रूफ गोंद, दोन स्क्रू. लाकूड घट्ट करणारं पातळ इपॉक्सी कडेच्या किरकोळ भागाला चालेल. वजन घेणारी खालची पट्टी त्याने वाचत नाही, ती बदलाच.

थेंब_थेंब
त्याआधी गळती शोधा. डाग खाली असला तरी पाणी बहुतेक वरून येतं. मार्कर दिव्याच्या वायरचं भोक हा नेहमीचा संशयित, खिडकीची वरची कड त्यानंतर.

सगळ्या खिडक्या आणि व्हेंट बंद करा, एका व्हेंटमध्ये पुठ्ठा आणि टेप लावून ब्लोअर आत हवा फेकेल असा बसवा, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे खडूने खूण करा. पाण्याच्या पाइपने शोधायला गेलात तर भिंत आणखी भिजेल आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते तरीही कळणार नाही.

पिनवाला ओलावामापक लाकडाला लावा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर कोरडं समजा. २० च्या वर असताना भिंत बंद केलीत तर आत बुरशी वाढत राहील. पिन पत्र्याला किंवा फॉइलला टेकली तर आकडा खोटा येतो.

चाकांवरचं_घर
सिलिकॉन राहू देऊन त्यावरच ब्युटाइल टेप (सांधे बंद करायची मऊ, चिकट रबरी पट्टी) लावली तर? आणि फरशीसाठी प्रक्रिया केलेलं, न कुजणारं प्लायवुड घेऊ का?

रंधा
दोन्ही नको. सिलिकॉनच्या पातळ थरावरही ब्युटाइल धरत नाही. प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, उरलेल्यावर सिलिकॉन रिमूव्हर, मग अल्कोहोलने पुसा. जुनी सुकलेली लांबी (पुट्टी) मिनरल स्पिरिटने मऊ होते.

प्रक्रिया केलेल्या लाकडात बहुतेक वेळा तांब्याचे क्षार असतात. ओल आली की ते ॲल्युमिनियम खातात आणि पत्र्याला आतून बारीक भोकं पडतात. साधं एक्स्टिरिअर ग्रेड प्लायवुड घ्या आणि कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं, बाकीच्या भागापेक्षा जास्त काळजी तिथे घ्या.

बसवताना मोल्डिंगखाली ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद ब्युटाइल. स्क्रू स्टेनलेसचे. जुनं भोक सैल झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू. सगळे एकदम करकचून आवळू नका, क्रमाने थोडे थोडे. टेप दोन-तीन दिवसांत बसते, मग पुन्हा आवळा आणि बाहेर आलेलं ब्युटाइल प्लास्टिकच्या पट्टीने कापून घ्या. थंडीत टेप कडक राहते, ऊन असताना काम काढा.

खिडकीच्या खालच्या कडेची निचऱ्याची बारीक भोकं मात्र बुजवू नका. पुष्कळ जण तिथेही सीलंट भरतात आणि पाणी आतच अडकतं.

तार_तपासनीस
पत्रा काढण्यापूर्वी बाहेरचा वीजपुरवठा तोडा, बॅटरीची निगेटिव्ह तारही काढा. भिंतीत तारा कुठून गेल्यात ते उघडल्याशिवाय दिसत नाही आणि कारखान्यातले स्टेपल कधीकधी तारेतूनच गेलेले असतात. प्रत्येक तारेला टेपवर लिहून खूण लावा आणि फोटो काढा.

फरशीवर जुन्या व्हायनिल टाइल असतील तर त्या घासू किंवा तोडू नका. त्या काळच्या टाइलमध्ये आणि खालच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या.