अंगठ्या घेऊन येण्यासाठी कोणाची निवड करावी? मदत हवी आहे

नमस्कार. बहिणीच्या विवाहसोहळ्यात वधूवरांच्या अंगठ्या छोट्या उशीवर ठेवून त्यांच्यापर्यंत आणण्याचे काम कोणत्या मुलाला द्यावे, यावर आमचे एकमत होत नाही. या कामासाठी साधारणपणे ४ ते ८ वर्षांचे मूल निवडतात. वराचा पुतण्या नुकताच ३ वर्षांचा झाला असून तो सर्वांचा लाडका आहे. मात्र अनोळखी लोकांची गर्दी दिसली की तो आईला सोडत नाही. माझी मुलगी ७ वर्षांची, शांत आणि सांगितलेले नीट लक्षात ठेवणारी आहे. हा मान मुलग्यालाच मिळावा, असा काही वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे, जो मला तरी पटत नाही.

दोघांना एकत्र पाठवावे का, आणि तसे केल्यास उशी कोणाच्या हाती द्यावी? खऱ्या अंगठ्या वराच्या मित्राकडे ठेवून उशीला फितीने खोट्या अंगठ्या बांधायच्या, हे जवळजवळ ठरले आहे. तरीही धाकटा वाटेतच थांबला किंवा रडू लागला, तर विधीत खंड न पडू देता त्याला कोणी आणि कसे सावरावे, तसेच त्याच्याकडून आधी सराव करून घेतल्याने भीती कमी होते की उलट वाढते, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.